नळाची पाळी आणि व्हॉल्वची चावी

यवतमाळच्या पाणीपुरवठ्याची चर्चा निघाली की ती धरणापाशी सुरू होते आणि धरणापाशीच संपते. वाघाडी नदीवरचे निळोणा भरले का, चापडोहमध्ये किती साठा उरला, बेंबळ्याचे पाणी कधी येणार, हेच तिचे विषय. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटली, नळाची पाळी पंधरा-वीस दिवसांवर गेली आणि शहर टँकरवर जगले. हे पाहिलेल्या माणसाने धरणाची काळजी करणे रास्तच आहे. पण धरणातले पाणी घरातल्या गुंडात पडेपर्यंत त्याच्यावर खरी सत्ता चालते ती रस्त्याखालच्या चेंबरमधल्या लोखंडी व्हॉल्वची. कोणत्या वस्तीत कधी, किती वेळ आणि किती जोराने पाणी जाईल, हे त्याच्या दांड्याला दिलेल्या फेऱ्यांवर ठरते. या शहराची पाणीटंचाई जितकी साठ्याची आहे तितकीच बेभरवशाची आहे, आणि बेभरवशाचा भाग पाऊस न वाढताही कमी करता येण्यासारखा आहे.

इथल्या कारभाराचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. 1902 च्या करारानंतर ते वर्षाला 25 लाख रुपयांच्या खंडावर कायमचे त्यांच्याकडे राहिले आणि 1903 मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. तेव्हाचा वणी जिल्हा 1905 मध्ये यवतमाळ जिल्हा झाला. वऱ्हाडाला 1886 चा नगरपालिका कायदा मिळाला, पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा 1922 चा कायदा आला. तो विदर्भात 1965 च्या महाराष्ट्राच्या कायद्यापर्यंत चालला. पाण्याबाबत या कायद्यांचा रोख मुख्यतः नळधारकावर होता: पाणीपट्टी भरा, जोडणी नियमाने घ्या, पाणी वाया घालवू नका. त्याच राज्यकर्त्यांच्या राजधानीत मात्र व्यवहार दुतर्फा होता. 1866 मध्ये पूर्व लंडनमध्ये पटकीने हजारो माणसे मेली, आणि 1871 च्या कायद्याने तिथल्या पाणी कंपन्यांवर मागणी झाल्यास अखंड पुरवठा करण्याचे बंधन आले. घरमालकाने तोट्या आणि नळ गळू द्यायचे नाहीत, त्या बदल्यात कंपनीने पाणी बंद करायचे नाही, असा तो सौदा होता. आपल्याकडे सौद्याची पहिली बाजू नीट रुजली, दुसरी रुजलीच नाही.

पाळीने पाणी द्यायचे ठरले की सगळा भार व्हॉल्ववर येतो. तो मुळात दुरुस्तीच्या वेळी नळी बंद करण्यासाठी बसवलेला असतो, रोज उघडझाप करण्यासाठी नव्हे. तरी व्हॉल्वमन लांब चावी घेऊन तो रोज फिरवतो. दांड्याचे आटे झिजतात, पॅकिंग गळते, चेंबरमध्ये पाणी साचते. यवतमाळ वर्धा आणि पैनगंगा यांच्या खोऱ्यांमधल्या उंच माळावर वसलेले आहे, त्यामुळे एकाच नळीवर उताराची घरे आधी भरतात आणि चढावरची मागे राहतात. व्हॉल्व झटकन उघडला तर रिकाम्या नळीतली हवा दाबली जाते आणि जुना सांधा निखळतो. ही हवा मीटरमधून गेली तर पाण्याऐवजी तिचीही नोंद होते. बंद केल्यावर नळी रिकामी होताना शेजारच्या गटाराचे पाणी फटीतून आत ओढले जाते. चढावरचा माणूस जोडणीजवळ खड्डा खणून तोटी खाली नेतो, ऐपतदार थेट नळीला मोटर लावतो आणि शेजाऱ्याची धार बारीक होते. कोणत्या गल्लीत किती फेरे दिले की शेवटच्या घराला धार लागते, हे नकाशावर नसलेले ज्ञान व्हॉल्वमनच्या हातात असते. या कामगाराला मी यंत्रणेतला सर्वांत महत्त्वाचा तंत्रज्ञ मानतो. त्याचे ज्ञान कुठे लिहून ठेवलेले नसते, ही मोठी उणीव आहे.

पाळी लांबली की घर साठवते: ड्रम, टाकी, पिंप, हंडे. डेंग्यूचा डास याच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. म्हणून आरोग्य खाते आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करायला सांगते. पण नळ दहा दिवसांनी येणार असेल आणि अकराव्या दिवशीही येईल याची खात्री नसेल, तर कोणती बाई भरलेला ड्रम ओतून देईल? हाच पेच मुंबईने शंभर वर्षांपूर्वी पाहिला. 1911 मध्ये बेंटली यांच्या अहवालाने घरांतल्या विहिरींवर हिवतापाच्या डासांचा ठपका ठेवला, विहिरी बुजवण्याचे किंवा झाकण्याचे हुकूम सुटले आणि धर्मकार्यासाठी विहीर लागणाऱ्यांनी विरोध केला. तिथे निदान घरात नळ पोचले होते. पर्यायाचा भरवसा नसताना घातलेला नियम लोक मोडतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून प्रत्येक वस्तीच्या पाळीच्या तारखा आधीच जाहीर व्हायला हव्यात. यावर पहिला आक्षेप असा की धरणच कोरडे असेल तर तारखा जाहीर करून काय उपयोग? पण पाऊस अनिश्चित असला तरी पावसाळ्यानंतरचा साठा अनिश्चित नसतो. राज्यात 15 ऑक्टोबरचा साठा धरून पिण्याच्या पाण्याचे आरक्षण ठरतेच. बाष्पीभवन वजा करून जूनअखेरपर्यंत किती दिवसांआड पाणी देता येईल, हे त्याच दिवशी सांगता येते. पडलेल्या पावसाचा किती हिस्सा तलावात येतो याची मोजणी अलेक्झांडर बिनी यांनी नागपूरच्या पाणीयोजनेसाठी दीडशे वर्षांपूर्वी केली होती आणि त्यांची टक्केवारी आजही अभियांत्रिकीत शिकवली जाते. साठा कमी असेल तर पाळी आठ दिवसांची असेल, पण ती ठरलेली असेल. दिवसाची मजुरी बुडवून नळाची वाट पाहणाऱ्या घराला हा फरक मोठा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अमृत योजनेतून 302 कोटी रुपयांची बेंबळ्याची योजना आली की हा प्रश्नच उरणार नाही. पाणी वाढेल, हे खरे. पण बेंबळा धरण शहरापेक्षा खाली आहे, प्रत्येक लिटर विजेने वर चढवावा लागतो आणि ते बिल कायमचे आहे. मार्च 2023 मध्ये शहरात जमिनीखालची नळी फुटून रस्ता उखडला आणि पाण्याचा फवारा उसळला, ते दृश्य देशभर पाहिले गेले. मोठे धरण आणि जुनी-नवी सांधलेली जाळी यांचे जमतेच असे नाही. शिवाय उमरसरा, लोहारा, वडगाव, वाघापूर अशी गावे शहरात आल्याने नळ्यांची लांबी आणि चढउतार दोन्ही वाढले. कराडजवळच्या मलकापुरात, यवतमाळला पाणी पुरवणाऱ्या महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्याच योजनेने चोवीस तास पाणी दिले, पण प्रत्येक जोडणीला मीटर, वापराप्रमाणे चढता दर आणि गळतीवर कडक नजर ठेवून. त्या लहान शहरात जे जमले, ते इथे वस्तीवस्तीने करावे लागेल, त्याला वर्षे लागतील आणि मीटरला विरोधही होईल. तोवर व्हॉल्व राहणार, म्हणून तो चालवण्याचे नियमही हवेत.

जाहीर पाळीचा फायदा मोटरवालेच उचलतील, असेही म्हटले जाईल. त्यांच्या टाक्या मोठ्या आहेत, त्यांना तारीख कळली काय आणि न कळली काय, फारसे अडत नाही. अडते ते दोन ड्रमवाल्याचे. त्यामुळे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने दर 15 ऑक्टोबरनंतर प्रत्येक वस्तीची पाळी जूनपर्यंत छापून लावावी, ती चुकली तर कारण आणि नवी तारीख त्याच दिवशी कळवावी, आणि व्हॉल्वमनकडून प्रत्येक चेंबरच्या फेऱ्यांची नोंदवही तयार करून घ्यावी. त्याला नवे धरण लागत नाही. यवतमाळच्या नळधारकांनी येत्या ऑक्टोबरात पाणीपट्टी भरताना पाळीची ही यादी मागावी.