से कॅथीड्रल, जुने गोवे

गोव्यातील कॅथलिक ख्रिस्ती धर्मप्रांताचे प्रधान चर्च व भारतातील पोर्तुगीज वास्तुकलेचे एक भव्य उदाहरण. ‘से’ हा पोर्तुगीज शब्द पीठ वा आसन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असून, जेथे बिशपचे धर्मपीठ असते ते चर्च, असा त्याचा अर्थ. आफोंसो द अल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवे जिंकले. तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचा सण असल्याने तिच्या नावे तेथे एक लहान प्रार्थनामंदिर उभारण्यात आले. गोव्यास प्रथम बिशपचे व १५५७ मध्ये आर्चबिशपचे पीठ लाभले, तेव्हा या पदास साजेशी वास्तू आवश्यक वाटू लागली. सेबॅश्चन राजाच्या कारकीर्दीत १५६२ मध्ये बांधकामास प्रारंभ झाला. ते १६१९ पर्यंत रेंगाळले आणि वेदी तर १६५२ मध्ये पूर्ण झाल्या. खर्च राजकोशातून झाला.

इमारत पूर्वाभिमुख असून तिची लांबी सु. ७६ मी., रुंदी सु. ५५ मी. व दर्शनी भागाची उंची सु. ३५ मी. आहे. बाहेरून ती आयताकार दिसते. आतील विधान मात्र क्रुसाकार असून मध्यदालन व दोन्ही बाजूंच्या पाख्या अशी त्याची रचना आहे. बाह्यांग तस्कन शैलीचे, जवळजवळ रुक्ष. अंतरंग कॉरिंथियन शैलीचे व समृद्ध. या विरोधास स्थानिक दगडाचाही हातभार असावा. जांभा सच्छिद्र असल्याने त्यात नाजूक कोरीवकाम साधत नाही आणि कोकणच्या पावसात टिकण्यासाठी त्यावर चुन्याचा गिलावा आवश्यक ठरतो. जवळच्याच बॉम जेझस चर्चचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यात आला आणि तेथील जांभा झिजू लागला, ही गोष्ट या संदर्भात उद्‌बोधक आहे. गाभाऱ्यातील सोनेरी मुलाम्याच्या लाकडी वेदीवर संत कॅथरिनच्या जीवनातील प्रसंग कोरलेले आहेत. बाप्तिस्म्याचे दगडी पात्र १५३२ मधील, म्हणजे इमारतीहून जुने आहे.

दर्शनी भागास मूळ दोन मनोरे होते. त्यांपैकी उत्तरेकडील मनोरा १७७६ मध्ये कोसळला व पुन्हा बांधला गेला नाही. रोगराईमुळे शहर तोवर ओस पडत चालले होते आणि व्हाइसरॉयचे वास्तव्यही १७५९ मध्ये पणजीकडे हलले होते. उरलेल्या मनोऱ्यात ‘सुवर्णघंटा’ ही मोठी घंटा आहे. मधुर नादासाठी तिची ख्याती असली, तरी इन्क्विझिशनच्या शिक्षा जाहीर करण्याच्या समारंभांतही ती वाजविली जाई, हे विसरता येत नाही.

१८३५ मध्ये गोव्यातील मठसंस्था बंद झाल्यावर संत ऑगस्टीनच्या मठासारख्या वास्तू उद्ध्वस्त झाल्या. से कॅथीड्रल कोणत्याही संन्यासी संघाचे नव्हते, ते आर्चबिशपचे पीठ होते. म्हणून तेथील उपासना अखंड राहिली. जुने गोवे येथील चर्च व मठ यांचा समावेश १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा सूचीत झाला, त्यांत ही वास्तूही आहे.