निवाड्याआधीचा निवाडा

शेजाऱ्याने बांध कोरला, एवढं ऐकलं की आपला निवाडा तयार असतो. मग त्याचा प्रत्येक शब्द खोटा वाटतो आणि आपल्या मताला दुजोरा देणारंच तेवढं कानात शिरतं. मानसशास्त्र याला पुष्टीचा पूर्वग्रह म्हणतं.

यावरचा उतारा जुना आहे: खटल्याचा ठरलेला क्रम. मूळ पैठणच्या, काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातले नीळकंठभट्ट यांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ लिहिला. ‘व्यवहार’ म्हणजे इथे न्यायालयीन वाद. मुंबई उच्च न्यायालयाने हिंदू वारसाहक्काच्या दाव्यांत या ग्रंथाचा आधार घेतला.

हा ग्रंथ ज्या धर्मशास्त्राचा, त्याने खटल्याचे चार पाद, म्हणजे टप्पे, सांगितले: भाषा, उत्तर, क्रिया, साध्यसिद्धी. आजच्या दिवाणी न्यायालयाच्या बोलीत वादीचं वादपत्र, प्रतिवादीची कैफियत, पुरावा आणि निकाल. फौजदारीत प्रतिवादीच्या जागी आरोपी येतो.

हा क्रम म्हणजे मनाला घातलेला लगाम. न्यायाधीशही माणूसच, त्यामुळे पूर्वग्रह पुरता पुसला जात नाही. पण दुसरी बाजू ऐकावीच लागते. घरातल्या भांडणातही पहिल्या पादावर निकाल देऊ नका.