टक्कर आणि ठिणगी

श्रोतेहो, मे महिन्यात वाशीमकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, तरी वाळलेल्या कडब्याची गंजी आपोआप पेटत नाही. पेटायला प्राणवायू लागतो, आणि त्याचे रेणू, म्हणजे अतिसूक्ष्म कण, तिच्यावर रात्रंदिवस आदळतच असतात. हवेतला एकेक रेणू सेकंदाला काही अब्ज टकरा घेतो. मग आग का लागत नाही?

कारण बहुतेक टकरा कमजोर असतात. ठिणगीने कडबा तापला, की त्यातून वायू निघतात. ते प्राणवायूशी जोराने भिडतात, जुने बंध तुटतात, नवे जुळतात, आणि सुटलेली उष्णता शेजारच्या काडीला पेटवते.

पण नुसता जोर पुरत नाही, नेमही हवा. हे कळले कसे? गोट्या कशा आदळल्या, हे त्या कुठे उसळल्या यावरून ओळखता येते ना, तसेच! १९६० च्या सुमारास अमेरिकेत हर्शबाक यांनी निर्वात पेटीत पोटॅशियम आणि मिथाइल आयोडाइड यांचे दोन झोत एकमेकांवर सोडले. पोटॅशियम आयोडीनला घेऊन आल्या दिशेला मागे उसळले. म्हणजे टक्कर समोरासमोर झाली होती. ब्रोमीनच्या बाबतीत मात्र पोटॅशियम त्याचा अणू जाता जाता हिसकावून पुढेच गेले. १९८६ साली हर्शबाक, ली आणि पोलॅनी यांना अशा संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

गुरुजींनी हे मुलांना गोट्यांनी दाखवावे. आणि शेतकरी बंधूंनो, गंजीजवळ बिडी पेटवू नका. प्राणवायू तिथे हजरच आहे. उणीव फक्त ठिणगीची आहे.