कारल्यात लपलेला दुधी

बागेच्या फाटकाशी सकाळी रसाची गाडी लागते. कारलं, दुधी, आवळा, जांभूळ. फेऱ्या मारून आलेली मंडळी नाक दाबून पेला रिचवतात आणि ‘शुगरवर उत्तम’ म्हणत घरी जातात. त्यातले काही मग गोळीलाही सुट्टी देतात. चूक तिथे होते.

गैरसमज: गोळी म्हणजे केमिकल, झाडपाला म्हणजे औषध.

मधुमेहावरची सर्वांत परिचित गोळी, मेटफॉर्मिन, हिचं मूळ झाडपाल्यातच आहे. युरोपातल्या गलेगा या झुडपातलं गॅलेगिन रक्तातली साखर उतरवतं, पण ते विषारी. हे झुडूप खाऊन मेंढ्या दगावतात. त्याच्याच जातकुळीतलं सौम्य संयुग १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. ते माणसांना चालतं, हे फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मांडलं. वनस्पतीपासून औषधापर्यंत यायला एवढा वेळ लागतो.

गैरसमज: गुग्गुळानं कोलेस्टेरॉल उतरतं, हे सिद्ध झालंय.

ही कथा मला फार आवडते. सुश्रुतसंहितेतलं मेदोरोगाचं वर्णन वाचून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांना गुग्गुळ दिला, कोलेस्टेरॉल उतरलं. त्यांचा प्रबंध १९६६ चा. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं त्याचा अर्क विकसित केला, भारतातल्या चाचण्यांतही तो गुणकारी दिसला आणि बाजारात आला. मग २००३ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीचे निकाल आले. १०३ जण, आठ आठवडे. अर्क घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, चार ते पाच टक्के वाढलं. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचं पाच टक्के उतरलं! काहींच्या अंगावर पुरळही उठलं. कल्पना सुंदर होती, म्हणून निकाल नाकारता येत नाही. इसबगोलाचं तसं नाही. त्याच्यातल्या विरघळणाऱ्या तंतूंमुळे एलडीएल थोडं, पण खरोखर उतरतं.

गैरसमज: नैसर्गिक आहे, अपाय कसला?

कडू निघालेल्या दुधीत कुकुर्बिटासिन ही विषारी द्रव्यं असतात. त्याचा रस पोटात गेला तर रक्ताच्या उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माणसं दगावलीही आहेत. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं कडू दुधीचा रस पिऊ नका, असं बजावलं. घरी आपण तुकडा चाखून कडू दुधी फेकून देतो. गाडीवरच्या मिश्र रसात मात्र कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा लपून जातो. शिवाय साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांच्या जोडीला कारल्याचा रस घेतला, तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते. रस घेत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा. गोळी मनानं बंद करू नका.

आणि ‘मधुमेह मुळापासून बरा’ असं छापणाऱ्यांविषयी एवढंच: १९५४ च्या कायद्यानुसार अशी जाहिरात करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे.