सत्त्याऐंशीपट लहान जालना

जालना ते छत्रपती संभाजीनगर हे रेल्वेचे अंतर साठेक किलोमीटर. १:८७ या प्रमाणात ते घरात उतरवायचे ठरवले तर जवळजवळ सातशे मीटर रूळ लागतील. चोवीस डब्यांची एक्सप्रेस इंजिनासकट पावणेसात मीटरच्या आसपास भरेल, म्हणजे बहुतेक दिवाणखान्यांत ती वळण न घेता मावणारच नाही. रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्यांची पहिली परीक्षा इथेच होते. गाव, नदी, पूल, फलाट यांपैकी काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे हातात करवत घेण्याआधी ठरवावे लागते.

१:८७ हे प्रमाण जगभर 'एचओ' नावाने चालते. प्रत्यक्षातला एक फूट म्हणजे इथे साडेतीन मिलिमीटर. साडेपाच फुटी हमाल १९ मिलिमीटरचा होतो आणि त्याने उचललेली पेटीही त्याच हिशेबात बसावी लागते. दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा उभा असतो आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. मॉडेलवाल्याला मात्र ते सहन होत नाही. वेगालाही हेच लागू पडते. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी या प्रमाणात सेकंदाला फक्त ३२ सेंटीमीटर सरकायला हवी. नवशिक्यांची गाडी नेहमी याच्या तिप्पट-चौपट वेगाने धावते आणि खेळणे वाटते. वेग उतरवला की तीच गाडी एकदम भारदस्त दिसू लागते.

या छंदाला आयुष्य वाहिलेले महाराष्ट्रातले सर्वांत ठळक नाव म्हणजे पुण्याचे भाऊसाहेब जोशी. लहानपणापासून त्यांना रेल्वेचे वेड. पुढे शास्त्रीय उपकरणांचा व्यवसाय सांभाळत त्यांनी ते वेड जपले. आधी त्यांनी सुटी करून हलवता येईल अशी मांडणी केली आणि ती लोकांना दाखवली. अशा मांडणीचा जाच करणाऱ्यालाच ठाऊक: प्रत्येक वेळी शेकडो तारा सोडवायच्या, पुन्हा जोडायच्या आणि केसभर सरकलेला रूळ शोधत बसायचे. अखेर त्यांनी कायमची जागाच केली. कोथरूडमध्ये १ एप्रिल १९९८ रोजी 'जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे' सुरू झाले. वाफेच्या इंजिनापासून वेगवान गाडीपर्यंत सगळे तिथे एकाच गावात धावते. रस्त्यावर वाहने आहेत, सर्कस आहे, उघड्यावरचे चित्रपटगृह आहे. खेळाच्या मध्यावर दिवे मंद होतात आणि गावात रात्र होते.

हे सगळे चालते कसे? साध्या मांडणीत रुळांतून बारा व्होल्टपर्यंतचा डीसी प्रवाह जातो. एक रूळ धन, दुसरा ऋण. चाकांवाटे वीज मोटरला मिळते आणि जोडणी उलटी केली की गाडी मागे येते. यात एक खाच आहे. रूळ मोठा वळसा घेऊन पुन्हा स्वतःलाच येऊन मिळाला, तर डावा रूळ उजव्याला चिकटतो आणि शॉर्टसर्किट होते. म्हणून त्या वळशाच्या दोन्ही टोकांना रुळांत बारीक फट ठेवतात, मधल्या तुकड्याला वेगळी वीज देतात आणि गाडी आत असतानाच बाहेरच्या रुळांची जोडणी पालटतात. ही फट आपल्या हाताने कापून, गाडी न थांबता परत येताना पाहणे, हा या छंदातला खरा आनंद.

आता जालन्याकडे वळू. भारतातल्या मॉडेलवाल्यांची एक जुनी अडचण आहे. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर गेजसाठी बनलेला. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागले तर १९.३ येतात. म्हणजे तयार रुळावर चालवलेली प्रत्येक भारतीय ब्रॉडगेज गाडी पावणेतीन मिलिमीटरने अरुंद पायावर उभी असते. जाणकाराला ते दुरूनही कळते.

पण जालन्याची जुनी रेल्वे ब्रॉडगेज नव्हतीच. निजामाच्या राज्यातली हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सिकंदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला पोहोचली, ती मीटरगेजवर. हजार मिलिमीटरला ८७ ने भागा: साडेअकरा. आणि १२ मिलिमीटरचा रूळ युरोपात तयार मिळतो, कारण स्वित्झर्लंडच्या डोंगरांतल्या कितीतरी गाड्या मीटरगेजच्या आहेत. आल्प्ससाठी बनवलेला रूळ मराठवाड्याला अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने बसतो! जालन्याच्या छांदिष्टाला पुण्या-मुंबईच्या छांदिष्टापेक्षा हा एक फायदा आहे, आणि तो कुणीतरी घ्यायला हवा.

कारण ती रेल्वे आता दुसरीकडे कुठेच पाहता येत नाही. १९९० च्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला. त्याआधी या मार्गावरची अजंता एक्सप्रेस मीटरगेजवर धावत असे आणि तिला 'वायपी' जातीचे वाफेचे इंजिन लागत असे. 'वाय' म्हणजे मीटरगेज, 'पी' म्हणजे पॅसेंजर. पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी, मागे दोन. मोठ्या चाकाचा व्यास १,३७२ मिलिमीटर, मॉडेलमध्ये पावणेसोळा. मनमाडला गेज बदलायचा, त्यामुळे जालन्याकडून आलेला माल तिथे एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. कापसाच्या गाठी, शेजारी उभ्या दोन उंचीच्या वाघिणी, मध्ये हमालांची रांग: मॉडेलसाठी याहून देखणे दृश्य मराठवाड्याच्या रेल्वेत सापडणार नाही.

आजचे जालना करायचे म्हटले तर गणित वेगळे. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली, तेव्हा आठ डब्यांची. तशी आठ डब्यांची गाडी मॉडेलमध्ये सव्वादोन मीटरला थोडी कमी भरते, म्हणजे घरात मावणारी. अवघड आहे ती वरची वीजवाहक तार. प्रत्यक्षात बारा मिलिमीटर जाडीची ही तार १:८७ मध्ये ०.१४ मिलिमीटर होते आणि हात लागताच तुटते. बहुतेक जण ती जाडच लावतात. त्यांना दोष देता येत नाही.

विमानांच्या प्रतिकृती करणारे याच घरातले चुलतभाऊ. त्यांच्यात १:७२ हे प्रमाण रुळलेले. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९५० च्या दशकात स्पिटफायरचा संच काढला आणि जगभरच्या मुलांची बोटे डिंकाने माखली. आपल्या जवळचे विमान हवे तर मिग-२१ आहे. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ही विमाने बांधली गेली आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलाने त्यांना निरोप दिला. पंखांची रुंदी ७.१५ मीटर, मॉडेलमध्ये जेमतेम दहा सेंटीमीटर.

उडणारी मॉडेले हा प्रांत निराळा. लांबी-रुंदी दहापट कमी केली तर पंखांचे क्षेत्रफळ शंभरपट घटते, वजन मात्र हजारपट. म्हणून बाल्साचे हलके विमान संथपणे तरंगू शकते. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात आणि अनेकांचा हात तिथेच बसतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदासाठी, शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोंपर्यंतच्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. उडवण्याची जागा मात्र परवानगीच्या नकाशावर आधी तपासावी लागते.

रेल्वे आणि विमान एकाच टेबलावर पाहायचे असेल तर हॅम्बुर्गचे मिनिएचर वंडरलँड. ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये ते उघडले आणि २०११ मध्ये त्यात विमानतळ जोडला. तिथली विमाने धावपट्टीवरून दौडत खरोखर हवेत उचलली जातात.

जालन्यात सुरुवात करायला एवढा पैसा लागत नाही. सनबोर्ड, अ‍ॅक्रिलिक रंग, धारदार कटर आणि मोजमापे एवढ्यावर स्टेशनची इमारत उभी राहते. त्यातले मोजमाप आधी करायला हवे. रीतसर परवानगी घेऊन फलाटाची उंची, दारांची रुंदी, छपराचा उतार टेपने मोजावा आणि भिंतीशेजारी एक मीटरची काठी उभी करून फोटो काढावेत, म्हणजे त्यावरून उरलेली मापे काढता येतात. मीटरगेजच्या काळातले यार्डाचे नकाशे मिळतात का, हे नांदेड विभागाच्या कार्यालयात विचारावे. आणि त्या काळी याच फलाटावर झेंडी दाखवलेले, पाणी भरलेले, सांधे ओढलेले जे निवृत्त कर्मचारी गावात असतील, त्यांच्याकडे या दिवाळीच्या सुटीतच जावे. पाण्याचा स्तंभ कुठे होता, इंजिन कुठे उभे राहायचे आणि सिग्नलचा हात कोणत्या बाजूला होता, हे नकाशात नसले तरी त्यांच्या तोंडपाठ असते.