लय आपल्या बोटांची

गेल्या वर्षी एक निवृत्त गृहस्थ मनगट चोळत दवाखान्यात आले. वय ७१. पत्नीला पक्षाघात झाल्यापासून तिची सारी शुश्रूषा तेच करतात. बोलता बोलता कळले, की नातीच्या कीबोर्डवर ते एक पाश्चात्त्य रचना शिकत होते आणि मोबाइलवरील वादकाच्या वेगाने ती वाजवू पाहत होते. ‘‘डॉक्टर, आमच्या वयाला हे जमायचे नाही,’’ ते म्हणाले. मनगटापेक्षा मला या वाक्याची अधिक काळजी वाटली. दिवसभरात स्वतःचा म्हणावा असा त्यांचा तेवढाच वेळ होता.

ती रचना म्हणजे जी मेजरमधील मिनुएट. योहान सेबास्टियन बाख यांनी पत्नी अॅना माग्दालेना यांच्यासाठी १७२५ मध्ये सुरू केलेल्या वहीत ती आढळते. दीर्घकाळ ती बाख यांचीच समजली गेली. प्रत्यक्षात ती ड्रेस्डेनचे ऑर्गनवादक ख्रिस्तियान पेट्सोल्ड यांची. मिनुएट हे तीन मात्रांचे नृत्य. दादऱ्याचे तीन-तीन मात्रांचे विभाग ज्यांच्या कानात आहेत, त्यांना ही मोजणी परकी वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मात्रा मोजणाऱ्या मेट्रोनोम यंत्राचे पेटंट १८१५ मधले. म्हणजे मिनिटाला अमुक मात्रा, असा आकडा पेट्सोल्ड यांनी नेमून दिलेला असणे शक्यच नाही. मग आपण तरी दुसऱ्याच्या वेगाचे ओझे का वाहावे?

संथ लय का?

पेटी वाजवताना डावा हात भात्यावर असतो. येथे दोन्ही हातांना स्वतंत्र काम असते. डोळे, कान आणि दहा बोटे यांची सांगड घालताना मेंदूला उसंत हवी. घाईने वाजवले, तर चुकीचीच सवय जडते आणि स्नायू ताठरतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६० ते ८५ वयाच्या व्यक्तींना सहा महिने पियानो शिकवला, तेव्हा त्यांच्या लक्ष व कार्यस्मृतीच्या काही चाचण्यांत सुधारणा दिसली. अभ्यास लहान होता, आणि पियानो हा स्मृतिभ्रंशावरील उपचार नव्हे; परंतु साठीनंतरही शिकता येते, एवढा दिलासा त्यातून निश्चित मिळतो.

सुरुवात अशी करावी

रचनेचे ३२ बार आहेत, प्रत्येकी तीन मात्रांचे. पहिल्या दोन बारांत उजव्या हाताची पाच बोटे पाच पट्ट्यांवरच राहतात. हात सरकवावा लागत नाही. आधी तेवढेच शिकावे. मग डावा हात स्वतंत्रपणे, आणि नंतर दोन्ही एकत्र. मिनिटाला ६० मात्रा, म्हणजे सेकंदाला एक, ही लय पुरे. तीही जड वाटली, तर ५० ठेवावी. साठच्या लयीत संपूर्ण रचना, पुनरावृत्ती न घेता, ९६ सेकंदांत पूर्ण होते. न अडखळता तीनदा वाजवता आली, की चार मात्रा वाढवाव्यात.

शरीराचे ऐकावे

कोपर पट्ट्यांच्या पातळीत असावे, पावले जमिनीवर टेकलेली असावीत. स्वरलिपी मोठ्या आकारात छापून डोळ्यांसमोर ठेवावी. दुहेरी काचेच्या चष्म्यातून पाहताना मान मागे झुकते व अवघडते. एका वेळी दहा मिनिटे, दिवसातून दोनदा, एवढे पुरेसे आहे. संधिवाताने बोटे आखडत असतील, तर आधी ती कोमट पाण्यात शेकावीत. वेदना वा मुंग्या आल्यास थांबावे. त्या टिकल्यास डॉक्टरांना दाखवावे. मात्र एखादा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले वा बोलणे अडखळले, तर तो सरावाचा थकवा समजू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरच्यांनाही एक विनंती. प्रत्येक चुकीचा स्वर दाखवून देऊ नये. ही परीक्षा नव्हे. आणि शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीची ही वीस मिनिटे दुसऱ्या कोणी तरी सांभाळावीत. तीही सेवाच होय.

त्या गृहस्थांना मी दोन आठवडे विश्रांती आणि त्यानंतर निम्मी लय सांगितली. आता मनगट दुखत नाही. ते वाजवतात, तेव्हा शेजारच्या खुर्चीतून पत्नी आपल्या चांगल्या हाताने मात्रा मोजते. पतीने घाई केली, की तिचा हात थांबतो, आणि तेही थांबतात. याहून चांगला मेट्रोनोम मला तरी सुचवता आला नसता.