मूलपेशी आणि मेंदूचे आजार

मुलांनो, अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठाने गेलात, की उसाचे मळे दिसतात. ऊस तोडल्यावर शेतकरी त्याचे बुडखे जमिनीतच राहू देतो. त्यांच्या डोळ्यांतून नवे कोंब फुटतात आणि पुन्हा पीक उभे राहते. त्याला खोडवा म्हणतात.

आपल्या शरीरातही असेच काहीसे घडते. खरचटलेली कातडी थोड्या दिवसांत भरून येते. हे काम मूलपेशींमुळे होते. ज्या पेशींपासून शरीरातील दुसऱ्या पेशी तयार होतात, त्यांना मूलपेशी म्हणतात.

मेंदूची गोष्ट मात्र निराळी आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्या मेल्या, तर त्यांच्या जागी सहसा नव्या पेशी येत नाहीत. कंपवात या आजारात डोपामिन नावाचे द्रव्य बनवणाऱ्या पेशी मरत जातात. त्यामुळे रोग्याचे हात थरथरतात आणि हालचाल मंदावते.

मग नव्या पेशी बाहेरून देता येतील का? जपानचे शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या कातडीतील पेशींना मूलपेशींसारखे बनवले. पुढच्याच वर्षी त्यांनी माणसाच्या पेशींवरही हे करून दाखवले. २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे क्योटो विद्यापीठातील डॉक्टरांनी अशा पेशींपासून डोपामिन बनवणाऱ्या पेशी तयार केल्या आणि कंपवाताच्या ७ रोग्यांच्या मेंदूत त्या सोडल्या. २०२५ साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हालचाली तपासलेल्या ६ रोग्यांपैकी चौघांत सुधारणा दिसली. आपल्या पुण्यातही राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मूलपेशींचा अभ्यास चालतो.

पण ७ रोगी म्हणजे फार थोडे. शिवाय सोडलेल्या पेशी बेसुमार वाढल्या, तर गाठ होण्याची भीती असते. म्हणूनच भारतात २०१७ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले, तर मूलपेशींचा उपचार हा प्रयोगच मानला जातो. तो परवानगी घेऊनच करावा लागतो.

उद्या कोणी तुमच्या घरी सांगेल, "पैसे भरा, मूलपेशींनी लुळे पाय चालू लागतील." अशा वेळी जमीन किंवा दागिने विकण्याआधी अम्मी-अब्बांना थांबवा. या प्रयोगाला परवानगी आहे का? आजवर किती रोगी बरे झाले? धोका कोणता? हे प्रश्न विचारा. जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांचा सल्ला घ्या. विज्ञानावर आशा जरूर ठेवा. पण पुरावा मागायला कधी लाजू नका.